बटण मागितलं, तर आधी गेटवर जा

आमचं ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला आणि गोदाम रबाळे एमआयडीसीत. शाम्पू, खोबरेल, साबण, टूथपेस्ट, तूप असा घराघरात लागणारा माल घाऊक विकायचा, हा धंदा. आयटीची पोरं ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर, सेल्स आणि अकाउंट्स दुसऱ्यावर, आणि ज्यांच्या जिवावर हे सगळं चालतं ती गोदामातली माणसं खाडीपलीकडे. मी मधे. कार्डावर ‘बिझनेस ॲनालिस्ट’ लिहिलंय. गोदामात मला ‘कम्प्युटरवाल्या ताई’ म्हणतात आणि तिसऱ्या मजल्यावर ‘बिझनेसवाली’. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघाली त्याने बहुतेक हीच नोकरी केली असावी.

अशा खुर्चीवर नव्याने बसलेल्यांसाठी हे लिहितेय. कोर्समध्ये शिकवतात त्या आकृत्या इथे सापडणार नाहीत. एखादी मागणी आल्यापासून ती चालू होईपर्यंत काय काय करावं लागतं, तेवढंच सांगते. बाकीचं हळूहळू अंगवळणी पडतं.

मागणी येते तेव्हा

सेल्सच्या साहेबांचा मेल आला : ‘बिल एडिट करायला बटण द्या. अर्जंट.’ मी तेव्हा नवीन होते. मेल जसाच्या तसा टिकिटात (आयटीकडच्या कामाच्या नोंदीत) चिकटवला आणि आयटीकडे पाठवला. तासाभरात उत्तर आलं, ‘ई-इन्व्हॉइस झाल्यावर बिल एडिट होत नाही’, आणि टिकीट बंद. साहेब भडकले, आयटीवाल्यांनी खांदे उडवले, आणि मला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागलं.

गंमत म्हणजे आयटीचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. १ ऑगस्ट २०२३ पासून वर्षाला ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना दुसऱ्या व्यापाऱ्याला विकलेल्या मालाचं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागतं; हेच ई-इन्व्हॉइस. पोर्टल त्या बिलाला ६४ अक्षरांचा नंबर देतं. तो पडला की बिल २४ तासांच्या आत अख्खं रद्द करता येतं, पण त्यातला एक आकडाही बदलता येत नाही. म्हणजे साहेबांना हवं होतं ते बटण कोणीच देऊ शकत नव्हतं. पण साहेबांचा त्रासही तितकाच खरा होता. तो काय आहे, हे आम्हा तिघांपैकी एकानेही बघितलं नव्हतं.

आता मी असं करते. मागणी आली की ‘मिळालं, बघते, गुरुवारी सांगते’ एवढंच लिहायचं. हो नाही, नाहीही नाही. मग मागणाऱ्याला एकच विनंती : ही अडचण शेवटची तीन वेळा कधी आली, त्या दिवसांचे कागद द्या. ‘तुम्हाला काय हवंय?’ असं विचारलंत की माणूस बटणच सांगणार, कारण त्याच्या डोक्यात कम्प्युटर म्हणजे बटणं. कागद मागितलेत की दुखणं बाहेर येतं. एखाद्याकडे तीन कागदसुद्धा नसतील तर मागणी बहुधा कालच्या मीटिंगमधल्या टोमण्यावरून आलेली असते. ती आठवडाभर ठेवून द्या, आपोआप विरते.

मग तिथे जा, आणि गर्दीच्या वेळी जा

ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरवरून ट्रान्सहार्बर लोकल पकडली की दिघा, ऐरोली, आणि तिसरं रबाळे. लांब नाही. तरीही आमच्याकडे पाच-पाच वर्षं नोकरी करून गोदाम न बघितलेली माणसं होती. सकाळी अकराला गेलात तर सगळं शांत असतं, चहा मिळतो, ‘सगळं ठीक आहे’ असं उत्तर मिळतं. संध्याकाळी पाच ते आठ जा. गाड्या लागलेल्या असतात, हमाल खोकी चढवत असतात, ट्रान्सपोर्टरचा माणूस बिल्टीसाठी, म्हणजे मालाच्या पावतीसाठी, डोक्यावर उभा असतो. खरं काम तेव्हा दिसतं.

लॅपटॉप पिशवीतच राहू द्या. पहिला तासभर प्रश्न विचारू नका, कोणाच्या वाटेत येणार नाही अशा जागी उभ्या राहा. बिल एडिटच्या प्रकरणात मी अशीच उभी होते तेव्हा सुपरवायझर काकांची वही दिसली. लांबट, लाल कापडी बांधणीची, प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने : गाडी नंबर, पार्टी, नग, बिल नंबर, आणि शेवटी अरुंदसा ‘शेरा’. शेडच्या पत्र्याखाली मोबाईलला नेटवर्क नाही, त्यामुळे नंबर बदलला की काका तो आधी तळहातावर लिहायचे, मग गेटबाहेर जाऊन वागळेला फोन करायचे, आणि परत येऊन वहीत. तळहाताची शाई घामाने पुसट झाली म्हणून एकदा आठाचा तीन झाला होता, तेही त्यांनी हसत सांगितलं.

त्यांच्या परवानगीने मी महिनाभराचा ‘शेरा’ उतरवून घेतला. एकतीस नोंदी निघाल्या. बावीस ठिकाणी ‘गाडी बदलली’. पाच ठिकाणी ‘पत्ता चुकला’. चार ठिकाणी ‘नग कमी’.

म्हणजे साहेब ज्याला ‘बिल एडिट’ म्हणत होते त्यातल्या बावीस वेळा बिलाला हात लावायची गरजच नव्हती. ई-वे बिल म्हणजे माल वाहून नेताना सोबत लागणारा सरकारी ऑनलाइन कागद; त्याच्या भाग-अमध्ये मालाचा तपशील असतो आणि भाग-बमध्ये गाडीचा नंबर. मुदत संपलेली नसेल तर तो हवा तितक्या वेळा बदलता येतो, आणि ट्रान्सपोर्टरलाही बदलता येतो. पत्ता चुकला तर बिल रद्द करून नवं काढणं हाच मार्ग. आणि ‘नग कमी’ हा आयटीचा प्रश्नच नव्हता. माल चढवून मोजायच्या आधीच बिल फाडलं जात होतं, तो क्रम उलटा केला की संपलं. एका मागणीची तीन कामं झाली. त्यातलं एकच तिसऱ्या मजल्यावर गेलं.

उभं राहून झालं की विचारायचे माझे ठरलेले प्रश्न असे : तुम्ही सुट्टीवर असता तेव्हा हे कोण करतं? कम्प्युटर बंद पडला की काय करता? ही वही नंतर कोण वाचतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ‘कोणीच नाही’ असं आलं तर ते काम बंद करायला हरकत नाही. ‘मालक महिन्यातून एकदा चाळतात’ असं आलं तर नवं सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, त्यात ही वही उतरल्याशिवाय ते चालणार नाही.

शब्दांची वही

आमच्याकडची निम्मी भांडणं एका शब्दावरून व्हायची : डिस्पॅच. सेल्सच्या भाषेत ऑर्डर गोदामाला गेली की ‘डिस्पॅच झाला’. गोदामात गाडी भरली की झाला. अकाउंट्सला बिल फाटलं की झाला. गेटवरच्या वॉचमनला गाडी बाहेर पडून फाटक लागलं की झाला. सोमवारच्या मीटिंगमध्ये चौघे चार आकडे घेऊन यायचे, चारही बरोबर, आणि शेवटी ‘सिस्टीमच चुकीची आहे’ यावर एकमत व्हायचं.

म्हणून एक वही करा. मी खरंच वही केली, नंतर ती सगळ्यांना दिसेल अशा फाइलमध्ये टाकली. प्रत्येक शब्दापुढे तीनच गोष्टी : कोणाच्या तोंडी त्याचा अर्थ काय, सिस्टीममध्ये तो कुठल्या क्षणाला लागतो, आणि एक खरं उदाहरण. उदाहरण सोडलंत तर वही निकामी, कारण व्याख्येला सगळे माना डोलावतात आणि घरी जाऊन आपापला अर्थ धरतात. आमच्याकडे शेवटी ठरलं की ‘डिस्पॅच’ हा शब्द रिपोर्टमधून काढूनच टाकायचा. आता ‘ऑर्डर पाठवली’, ‘गाडी भरली’, ‘बिल झालं’, ‘गेट सुटलं’ असे चार रकाने आहेत. सोमवारची मीटिंग पाऊण तासावरून वीस मिनिटांवर आली. माझ्या नोकरीतलं सगळ्यात उपयोगी काम हेच, आणि त्यात कोडची एक ओळ नव्हती.

शब्दांची ही भानगड सरकारी कागदातही येते. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा सेल्समधून निरोप आला, ‘साबण पाच टक्के झाला.’ खरं तर अंगाच्या साबणाची वडी ५ टक्क्यांत आली होती, पातळ साबण १८ वरच होता. सेल्सच्या लेखी दोन्ही साबणच. बाटलीतला हँडवॉश आमच्याकडे मोठ्या प्रमाणात जातो. त्या निरोपावर मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टीममधल्या मालाच्या मूळ यादीत, दर बदलला असता तर काय झालं असतं, ते अकाउंट्सच्या मॅडमना विचारा. वहीमुळे वाचलो असं नाही म्हणणार. मॅडम अधिसूचना स्वतः वाचतात म्हणून वाचलो. पण त्या दिवसापासून वहीत ‘साबण’सुद्धा आहे.

एक पान, जास्त नाही

आता आयटीला द्यायचं लेखी. चाळीस पानी दस्तऐवज कोणी वाचत नाही, लिहिणारासुद्धा दुसऱ्यांदा वाचत नाही. एक पान पुरतं. गाडी बदलण्याच्या कामाचं माझं पान साधारण असं होतं :

काम : गेटवरून गाडी नंबर बदलणे.
कोणाला लागतं : गोदाम सुपरवायझर, संध्याकाळी पाच ते दहा.
आज काय होतं : गाडी बंद पडली की फोन वागळेला. सातनंतर अकाउंट्समध्ये कोणी नसतं, मग गाडी सकाळपर्यंत उभी.
उद्या काय व्हावं : सुपरवायझरने बिल नंबर आणि नवा गाडी नंबर टाकला की भाग-ब बदलावा, आणि नवी प्रिंट गेटवरच निघावी.
काय नको : रक्कम, नग, पार्टी यांना गेटच्या स्क्रीनवरून हात लागता कामा नये. मुदत वाढवणंही या कामात नाही.
उदाहरणं : पुढे दिली आहेत.

‘काय नको’ ही ओळ विसरू नका. पुढचे वाद तिथेच मिटतात. आणि उदाहरणं खऱ्या आकड्यांची द्या. ई-वे बिलाची मुदत हे त्याला चांगलं उदाहरण आहे. साध्या गाडीला दर २०० किलोमीटरला एक दिवस, वर थोडं जरी गेलं तरी आणखी एक. कोल्हापूरची गाडी ३७० किलोमीटर धरली तर दोन दिवस. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पण दिवस कधीपासून मोजायचा? आमच्या डेव्हलपरने भाग-अ भरल्यापासून मोजला होता. नियमाने मुदत पहिल्यांदा भाग-ब भरल्यापासून सुरू होते, आणि पहिला दिवस पुढची तारीख संपते त्या मध्यरात्री संपतो. म्हणून मी लिहिलं : सोमवारी रात्री ११.५० ला भाग-ब भरला तर कोल्हापूरची मुदत बुधवारी मध्यरात्री संपेल. तोच भाग-ब पंधरा मिनिटांनी, मंगळवार लागल्यावर १२.०५ ला भरला तर गुरुवारी मध्यरात्री. मंगळवारी वाटेत गाडी बदलली तर मुदत तीच, वाढणार नाही. या तीन ओळींनी जे काम केलं ते तीन मीटिंगांनी झालं नसतं.

दुसरं उदाहरण काठावरचं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर माल असेल तर ई-वे बिल, राज्याबाहेर ५० हजारांच्या वर, आणि किंमत करासकट धरायची. ९० हजारांचा माल १८ टक्क्यांनी १,०६,२०० होतो, म्हणजे पुण्याला जाताना ई-वे बिल लागतं. त्याच मालाचा दर ५ टक्के झाला की ९४,५००, आता लागत नाही. पण तीच गाडी सुरतेला निघाली तर दोन्ही वेळा लागतं. सोप्या उदाहरणाने काहीच सिद्ध होत नाही. काठावरची शोधा, आणि ती शोधायला अकाउंट्सची मदत घ्या. त्यांना असले काठ पाठ असतात, कोणी विचारत नाही एवढंच.

तिसऱ्या मजल्यावर

डेव्हलपरला ‘किती दिवस लागतील?’ हा पहिला प्रश्न विचारू नका. तो बिचारा अंदाजाने एक आकडा सांगतो, आपण तो दुसऱ्या मजल्यावर तारीख म्हणून सांगतो, आणि तिथून पुढे त्याची फजिती. आधी विचारा : यासाठी कुठे कुठे हात लावावा लागेल, आणि त्यामुळे दुसरं काय बिघडू शकतं? मग त्याच्याच तोंडून निघतं की गाडी नंबर आणखी दोन रिपोर्टांत जातो, ट्रान्सपोर्टरच्या हिशेबाला जातो. दिवसांचा आकडा त्यानंतरचा खरा.

शक्य असेल तर त्याला एकदा गोदामात न्या. मी एका पोराला पावसाळ्यात नेलं होतं. त्याने स्क्रीनवर लहानशी, नाजूक, करड्या रंगाची अक्षरं ठेवली होती. काका चष्मा कपाळावर सरकवून, ओल्या बोटांनी ती शोधत होते. परतीच्या लोकलमध्ये तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी अक्षरं दुप्पट झाली, मला सांगावं लागलं नाही.

आणि निरोप्या होऊ नका. आयटीने ‘होणार नाही’ म्हटलं तर ते वाक्य तसंच खाली नेऊ नका. का होणार नाही ते तुम्हाला स्वतःच्या शब्दांत समजावता येईपर्यंत तिथेच बसा. खाली नेताना सोबत एक पर्याय न्या, अर्धवट का होईना.

सगळंच अर्जंट

प्रत्येक खात्याचं काम अर्जंट असतं. यावर मला एकच उपाय लागू पडलाय : दर पंधरवड्याला सगळ्या खातेप्रमुखांना एका टेबलाशी बसवायचं, चालू कामांची यादी समोर ठेवायची, आणि नवं काम वर घालायचं असेल तर खाली कुठलं सरकवायचं ते त्यांनाच विचारायचं. तुम्ही ठरवू नका. तुम्ही ठरवलंत की तुम्ही कोणाच्या तरी बाजूच्या होता. पैसे अडतात, गाडी अडते, सरकारी तारीख चुकते, या तीन कारणांना आमच्याकडे रांग नाही. बाकी सगळे रांगेत. साहेबांचा भाचा कंपनीत असला तरी.

तारखांचं एक कॅलेंडर भिंतीवर लावा. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीचं विक्रीचं रिटर्न आणि २० तारखेला कर भरायचं, म्हणून ९ ते २० अकाउंट्सच्या स्क्रीनला कोणी हात लावायचा नाही. महिन्याचे शेवटचे तीन दिवस सेल्सचे. शुक्रवारी संध्याकाळी काही चालू करायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे नेमकं तेव्हाच चालू करतात. आणि गणपती. आमच्या गोदामातली निम्मी माणसं रत्नागिरी-सिंधुदुर्गची. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात नवी सिस्टीम चालू केलीत तर ती शिकवायला समोर कोणी नसणार. पुण्याच्या एका सल्लागाराने आमच्या प्रकल्पाची तारीख नेमकी तिथे टाकली होती. त्याला वाटलं दीड दिवसाचा गणपती.

व्हॉट्सॲपवरचे निर्णय

यावर थोडक्यात. ग्रुपवर रात्री साडेदहाला ‘ओके करा’ असा अंगठा येतो आणि दोन महिन्यांनी तो कोणी कशाला दिला ते कोणालाच आठवत नाही. ग्रुप बंद करता येत नाहीत, प्रयत्न करू नका. ग्रुपवर ठरलेलं त्याच दिवशी टिकिटात उतरवा आणि त्या टिकिटाचा नंबर ग्रुपवर टाका. मीटिंगचा वृत्तांत त्याच संध्याकाळी, ज्या भाषेत बोलणं झालं त्या भाषेत. आमच्या मीटिंगा अर्ध्या हिंदी, अर्ध्या मराठी, शिव्या तेवढ्या शुद्ध मराठी. वृत्तांत मात्र इंग्रजीत जायचा, आणि गोदामवाले तो उघडायचेच नाहीत. आता ‘ठरलं काय, कोण करणार, कधीपर्यंत’ एवढं मराठीत जातं. ग्राहकांचे मोबाईल नंबर असलेले स्क्रीनशॉट मात्र ग्रुपवर टाकू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि तो नसता तरी हे बरं नव्हतं.

चाचणी, आणि माझी चूक

३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला : १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाणार, बहुतेक वस्तू ५ किंवा १८ वर, आणि अंमल २२ सप्टेंबरपासून. म्हणजे घटस्थापनेपासून. मधले दिवस अठरा. गौरी-गणपती आटोपून माणसं गावाहून परतत होती, मग पितृपक्ष लागला. त्यात तशीही खरेदी मंद, वर दुकानदारांनी ‘दर उतरू दे, मग घेतो’ म्हणून ऑर्डरी रोखलेल्या. सेल्स हवालदिल, अकाउंट्स अधिसूचनेत बुडालेलं, आणि आयटीला एकच घाई : बावीसच्या पहाटे नवे दर लागले पाहिजेत.

आम्ही चाचणी केली होती. शाम्पूचं नवं बिल १८ ऐवजी ५ टक्क्यांनी निघतंय, तूप १२ वरून ५, हँडवॉश १८ वरच. सगळं हिरवं. बावीस तारीख छान गेली.

चोवीसला एका दुकानदाराचा माल परत आला. ऑगस्टमध्ये विकलेला शाम्पू, १०,००० रुपयांचा, १८ टक्के कर लावून. क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाचे पैसे वळते करायचा कागद, निघाली ५ टक्क्यांनी. त्याने १,८०० रुपये कर भरला होता, आम्ही परत देत होतो ५००. जुन्या बिलाच्या क्रेडिट नोटेला जुनाच दर लागायला हवा. डेव्हलपरने दर मास्टरमध्ये थेट खोडून नवा टाकला होता. ‘कुठल्या तारखेपासून’ हा रकानाच तिथे नव्हता. मॅडमच्या नजरेला पडलं म्हणून त्या दिवशीच्या सहा नोटा हाताने दुरुस्त झाल्या.

चूक त्याची नव्हती. माझ्या पानावर ‘दर बदलणे’ असं होतं. ‘कधीच्या विक्रीला कुठला दर’ असं नव्हतं. ‘काय नको’च्या ओळीत ‘जुन्या बिलांना नवा दर नको’ हे पाच शब्द हवे होते. आणि आमच्या चाचणीत सगळी बिलं पुढे जाणारी होती, मागे येणारं एकही नव्हतं.

तेव्हापासून चाचणीचं माझं सामान ठरलेलं आहे. मागच्या महिन्यातला एक खरा दिवस निवडायचा, शक्यतो वाईट दिवस, आणि त्याचे सगळे कागद पुन्हा नव्या सिस्टीममधून काढायचे. त्यात परत आलेला माल हवा, रद्द झालेलं बिल हवं, अर्धीच भरलेली गाडी हवी, एकाच नावाच्या दोन पार्ट्या हव्यात. चाचणी ज्याला ते काम रोज करायचंय त्याने करायची, त्याच्या जागी बसून, त्याच्याच प्रिंटरवर. आपण शेजारी बसायचं आणि हात मांडीखाली ठेवायचे. त्याचं बोट चुकीच्या ठिकाणी गेलं तरी ‘तिथे नाही, इथे’ म्हणायचं नाही. ते चुकीचं ठिकाण लिहून घ्यायचं. सही घेतानाही ‘सगळं तपासलं’ अशी घेऊ नका. कुठले कागद चालवून बघितले त्यांची यादी करा आणि त्या यादीखाली घ्या.

चालू करायचा दिवस

आधी एक गोष्ट कागदावर आणा : बिघडलं तर जुन्यावर परत जायचं हे कोण ठरवणार, आणि किती वाजेपर्यंत. नाव आणि वेळ. आमच्याकडे गाडी बदलण्याची स्क्रीन मंगळवारी चालू केली, आणि ठरवलं की रात्री आठपर्यंत दोनपेक्षा जास्त गाड्या अडल्या तर गोदाम मॅनेजर फोनवर ‘जुनं’ एवढं म्हणतील. कारण विचारायचं नाही, चर्चा उद्या.

त्या दिवशी तुम्ही गेटवर असा. ऑफिसात नाही. सोबत कोऱ्या छापील गेटपासचा गठ्ठा, दोन पेनं, आणि आयटीतल्या एकाचा थेट नंबर. आमच्याकडे सहाच्या सुमाराला पाऊस आला, लेबल ओली झाली, स्कॅनरला बारकोड वाचता येईना. स्क्रीन बनवताना बिल नंबर हाताने टाकायची सोय ठेवली होती, ती त्या संध्याकाळी कामाला आली. साडेसातला पहिली गाडी बंद पडली. काकांनी नवा नंबर टाकला, प्रिंट निघाली, गाडी आठ मिनिटांत सुटली. त्यांनी प्रिंट उलटीसुलटी करून बघितली आणि मग सवयीने नंबर तळहातावरही लिहिला.

पंधरा दिवसांनी

हे बहुतेक जण करत नाहीत. पंधरा दिवसांनी परत जा, त्याच वेळी, आणि जुनं काय काय अजून चालू आहे ते बघा. अकाउंट्समध्ये एक एक्सेल असतेच, ‘सेफ्टीसाठी’. ती ठेवणाऱ्यावर चिडू नका. त्यात कुठला रकाना आहे जो सिस्टीममध्ये नाही, ते विचारा. मॅडमच्या एक्सेलमध्ये ‘कोणी फोन केला’ असा रकाना होता. आमच्या स्क्रीनवर फक्त लॉगिन दिसायचं, आणि गोदामात एकाच लॉगिनवर तिघे काम करतात. तिघांना तीन लॉगिन दिली, एक्सेल पुढच्या आठवड्यात बंद झाली.

काकांची लाल वही मात्र चालू होती. मी विचारलं, आता कशाला? त्यांनी ‘शेरा’च्या रकान्यावर बोट ठेवलं. गाडी का बदलली, ते तिथे लिहिलेलं : टायर, ब्रेक, ड्रायव्हर आला नाही, ड्रायव्हर पिऊन आला. स्क्रीनवर कारणाला जागाच नव्हती. एकाच ट्रान्सपोर्टरचे टायर किती वेळा जातात हे त्या वहीत होतं, आणि वर्षाचा करार करताना मालक तीच वही मागवतात. मी नवं टिकीट काढलं : कारणाचा रकाना, पर्याय काकांच्याच शब्दांत. ‘पिऊन आला’ला एचआरने हरकत घेतली आहे, त्यावर अजून मीटिंग व्हायची आहे.